दातांवरचा डाग आणि बोअरचे पाणी

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की घाट चढून गाडी मांजरसुंब्याच्या चौकात येते. कपिलधारला जाणारी मंडळी इथूनच वळतात. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा धो धो कोसळतो, आणि उन्हाळ्यात याच बालाघाटाच्या माथ्यावरच्या वाड्या-वस्त्या टँकरची वाट पाहतात. माथ्याचे एका अंगाचे पाणी बिंदुसरेला जाते, दुसऱ्या अंगाचे मांजरेला. मागे राहते ते खडकाच्या पोटात, आणि तेच काढायला आपण बोअर घेतो. आज त्या खडकातल्या पाण्याबद्दल बोलू.

पोराचे दुधाचे दात पडून नवे आले आणि त्यांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसले, की घरात पहिली बोलणी पोरालाच बसतात. "नीट घासत नाहीस." आजी म्हणते, चोरून मशेरी लावत असेल. मुलगी असेल तर आईच्या जिवाला वेगळाच घोर. पाहुणे बघायला आले की ती तोंडाला पदर लावून हसणार! पण हा डाग वरून चिकटलेला नसतो. दात हिरडीच्या आत घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पाण्यातल्या जादा फ्लोराईडने तो आतून पडतो. राखेने घासा की महागड्या पेस्टने, जायचा नाही. त्यात पोराचा काडीचाही दोष नाही.

या डागाची गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी 1901 साली मॅके नावाचे दंतवैद्य आले. तिथल्या पोरांचे दात तपकिरी होते, पण किडलेले मात्र कमी. कारण सापडायला 1931 साल उजाडले: पाण्यातले फ्लोराईड. मग विचार निघाला, की डाग पडणार नाही इतपत थोडे फ्लोराईड पाण्यात असले तर दात किडणार नाहीत. 1945 साली ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळायला सुरुवात केली. पुढे कितीतरी शहरांनी तोच कित्ता गिरवला. तिथे आता लिटरला 0.7 मिलिग्रॅम एवढेच मिसळा असे सांगतात, आणि त्यावरही वाद आहेच. 2025 साली युटा राज्याने तर ते बंदच केले.

म्हणजे तिकडे विकत घेऊन घालायचे आणि इकडे काढता काढता नाकी नऊ! आपल्याकडे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते, दुसरे पाणीच नसेल तर फार तर 1.5. त्यातही उन्हात राबणारा माणूस सावलीतल्या माणसापेक्षा किती तांबे जास्त पितो, हे आपल्या रानातल्या बायामाणसांना सांगायला नको. पाणी जास्त, तेवढे फ्लोराईडही जास्त.

पूर्वी आपण आड-विहिरीचे पाणी पीत होतो. ते पावसाचे ताजे, वरच्या थरातले. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, तीही अशाच वरच्या पाण्यावर बांधलेली. 1972 च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रे गावोगाव आली, हापसे बसले, आणि बायकांची पायपीट वाचली. ते उपकार विसरता येत नाहीत. पण दर दुष्काळाला बोअर आणखी खोल गेला. खोल खडकात वर्षानुवर्षे कोंडून राहिलेले पाणी खडकातले क्षार विरघळवून घेते, आणि फ्लोराईड त्यातलेच. म्हणून बीड जिल्ह्यात एका बोअरचे पाणी निर्दोष, तर काही बोअरना फ्लोराईड जादा, असा प्रकार आढळतो. चवीला दोन्ही गोडच लागतात.

दातांवर भागले तर बरे, पण वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की ते हाडांत साठते. सांधे आखडतात, मान वळत नाही, पाठ वाकत नाही, पुढे काठी लागते. आपण म्हणतो, उसाच्या मोळ्या उचलून झाले. तेही खरे असेल, पण पाणी कोणी तपासले आहे का? आपल्या देशात हा रोग 1937 साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात ओळखला गेला. हाडे एकदा आखडली की पूर्ववत करणारे औषध नाही.

आता उपाय. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही; पाणी आटते, म्हणून उलट दाट होते. तुरटी नुसती फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मापात घालून, ढवळून, गाळ खाली बसवण्याची 'नलगोंडा' पद्धत काढली. पण माप पाणी तपासूनच ठरते, अंदाजाने नाही. आरओ यंत्राने फ्लोराईड निघते, मात्र बरेच पाणी वाया जाते.

आम्हांला विचाराल तर पत्र्यावरचे पाणी सर्वांत सोपे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला आणि थोडे वाया गेले, तरी चार हजार लिटरच्या वर पाणी हाती लागते. पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर धरा. साडेपाच महिने निघतात. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी, आणि ते पाणी धुण्याभांड्याला मुळीच वापरू नये. घरात सासूबाईंनी एवढे राखले तरी पुरे. जोडीला पोरांच्या ताटात दूध, ताक, शेवग्याचा पाला, आवळा असावा. काळा चहा आणि काळे मीठ बेताने.

तपासणीला फार खटपट नाही. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी, काचेची नको. हापसा पाच मिनिटे हापसून मग भरावी. वर बोअरची जागा आणि तारीख लिहावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासले जाते. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना तपासणीची पेटी हाताळायला शिकवायचे ठरलेले आहे. तुमच्या गावच्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासावे, कारण आकडा बदलतो. ज्या बोअरला जादा निघेल तो बुजवायची गरज नाही, धुण्याला चालतो. गोठ्यात मात्र जपून, कारण गाईम्हशींचेही दात याच पाण्याने झिजतात आणि पाय आखडतात.