उसाच्या सरीतला गांजा आणि घरातला रोगी



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांच्याच गोष्टी करतो. या खेपेस विषय वेगळा आहे. पण तोही शेवटी रानातच येऊन पोहोचतो, म्हणून लिहीत आहे.

गेल्या हंगामात एक वडीलधारे सभासद गट ऑफिसला आले आणि बाकीचे उठून जाईपर्यंत बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, रान वाट्यानं दिलंय. परवा पाणी बघायला उसात शिरलो, तर मधल्या सऱ्यांत गांजाची झाडं. रातोरात उपटून जाळून टाकू का? कुणाला कळायला नको."

मी म्हटले, "अण्णा, हात लावू नका. आधी पोलीस ठाण्यात चला." हे त्यांना पटायला अर्धा तास लागला.

त्यांची भीती खोटी नव्हती. डोक्याच्या वर गेलेल्या उसात मालकसुद्धा रोज शिरत नाही, आणि नेमके हेच हेरून उसात गांजा लावल्याचे प्रकार महाराष्ट्रात अनेकदा उघडकीस आले आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. याच कायद्याचे कलम ४६ आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या जमिनीत असे झाड दिसले तर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना कळवले पाहिजे; जाणूनबुजून गप्प बसणे हाच गुन्हा होतो. कलम ४७ ने हीच जबाबदारी सरपंच, पंच व गावकामगारांवरही टाकली आहे. उपटून जाळले तर पुरावा जातो, आणि उद्या वाटेकरी "मालकानंच लावली होती" म्हणाला तर आपण काय दाखवणार? म्हणून आधी वर्दी द्यावी. रान वाट्याने किंवा खंडाने देताना करार लेखी करावा, आणि महिन्यातून एकदा तरी उसाच्या पोटात शिरून यावे. आमचे चिटबॉय नोंदीला येतात ते बहुधा बांधावरून बघून जातात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या भरवशावर राहू नये.

शेड, गोठा, गोदाम भाड्याने देणाऱ्यांनीही सावध असावे. आपल्या जागेत असा धंदा चालतो हे माहीत असून चालू दिले, तर कलम २५ प्रमाणे त्या गुन्ह्याची शिक्षा मालकालाही होते.

"हे मुंबईचं दुखणं, आपल्याकडं कुठं?" असे कोणी म्हणेल. माझे मूळ गाव घाटाखाली पोलादपूर तालुक्यात. आपल्या पुष्कळ सभासदांची सोयरीक तिकडे आहे, काहींची मुले महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्याच वसाहतीत जिते गावाजवळच्या एका रासायनिक कारखान्यावर जुलै २०२५ मध्ये छापा पडला आणि पोलिसांनी केटामाईनचा साठा पकडला. त्याची किंमत ८८ कोटींच्या वर सांगितली गेली. केटामाईन हे मुळात भूल देण्याचे औषध. जनावरांचे डॉक्टरही वापरतात. नशेसाठी वापर वाढल्यामुळे २०११ पासून ते या कायद्याखाली आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, त्याच जिल्ह्यात श्रीवर्धनच्या किनाऱ्याला चरसाची पाकिटे लागली होती.

आता दुसरी बाजू. मी चौथी-पाचवीत असताना आमच्या वाडीतला एक दादा मुंबईहून परत आला. गिरणगावात मामाकडे राहून नोकरी करीत होता. आला तो हाडांचा सापळा होऊन. रात्रभर कण्हायचा, नाक-डोळे गळायचे, घोंगडी पांघरूनही कापायचा. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून देवर्षी केला, कोंबडे दिले. चार-आठ दिवसांनी तो जरा सुधारला आणि महिन्याभरात घरातले पैसे घेऊन पुन्हा मुंबईला पळाला. त्याच्या बापाने बैलजोडी विकून त्याला दोनदा शोधून आणले. तिसऱ्यांदा तो सापडलाच नाही. ते गर्द होते, हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळले. गर्द म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉईन. त्याला ब्राऊन शुगर असेही म्हणतात. साखरेच्या धंद्यातल्या माणसाला ते नाव फार खटकते. ते अंगात भिनले की बंद केल्यावर शरीर असेच तडफडते. आठवड्याभरात तडफड उतरते, ओढ मात्र जात नाही. म्हणून नुसते कोंडून ठेवून भागत नाही.

१९८० नंतर गर्दाने मुंबई-पुण्यात थैमान घातले, त्याच सुमारास हा कायदा झाला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार मिळाला. आज सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे देशभर आहेत. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत असे आढळले की, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच काही उपचार मिळाला होता. दारूचे नाव निघाले म्हणून सांगतो, ती आपल्याच मळीपासून होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

लोक उपचाराला का येत नाहीत? एक लाज, दुसरी पोलिसांची धास्ती. मुलगा नशा करतो हे सांगितले तर त्यालाच आत टाकतील, असे आईबापांना वाटते. कायदा तसा नाही. विकणाऱ्याला तो दयामाया दाखवत नाही, पण स्वतः सेवन करणारा, किंवा अगदी थोड्या प्रमाणात जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी, सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येते.

केंद्र निवडताना नोंदणी विचारावी. साखळीने बांधून ठेवण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. "दोन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो" असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे.

व्यसनाबाबत सल्ला हवा असल्यास १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. विक्री, साठा वा लागवडीची खबर द्यायची असल्यास १९३३. तो जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. दोन्ही क्रमांक प्रत्येक गट ऑफिसच्या फलकावर लावले आहेत. फोन करताना अडखळायला होत असेल तर माझ्याकडे या, आपण मिळून लावू. त्या अण्णांच्या वेळी मी बरोबर गेलो होतो. पंचनामा झाला, वाटेकऱ्याची चौकशी झाली, आणि अण्णांचा ऊस वेळेवर तुटून गाळपाला आला.