उपवासात ताट हलके, मग किराण्याचे बिल जड का?

भंडारा : श्रावण सोमवार, एकादशी, मग नवरात्र. उपवास म्हणजे खाणे कमी, खर्चही कमी, असा समज असतो. धानाच्या या जिल्ह्यात मात्र हिशेब अनेकदा उलटा पडतो.

खर्च का वाढतो?
रोजचा तांदूळ घरच्या शेतातला असतो किंवा रेशनवर मिळतो. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत आहे. पण उपवासाला भात चालत नाही. साबुदाणा, भगर, शेंगदाणे रोख पैसे मोजून आणावे लागतात.

वेळही अडचणीची
श्रावणात हातचा पैसा रोवणीच्या मजुरीत आणि खतांत गेलेला असतो. नवरात्रात बरेच धान अजून शेतातच उभे असते.

बचत कुठे?
श्रावणात अनेक घरांत मासळी-मटण बंद असते, तेवढा पैसा वाचतो. मात्र तीच बचत तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांची कमाई घटवते.

पर्याय काय?
साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूतील सेलम भागातून येतो. शिंगाडा मात्र इथल्याच तलावांत होतो आणि त्याचे पीक ढिवर कुटुंबेच घेतात. हंगामात तो विकत घेऊन वाळवून ठेवला, तर उपवासाचा पैसा गावातच राहतो.