मल्टिपल स्क्लेरॉसिस : विश्रांती की व्यायाम?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या एका मराठी शिक्षिकेची वाचकांनी कल्पना करावी. वय बत्तीस. काही महिन्यांपूर्वी तिची एका डोळ्याची दृष्टी मंद झाली, डोळा हलविताना दुखू लागला. काही आठवड्यांत दृष्टी बहुतेक परत आली. पुढे उजवा पाय जड वाटू लागला. तपासणीअंती डॉक्टरांनी ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ हे नाव सांगितले. मे महिन्यातील एका दुपारी पोळ्या करून उठते तो तिला पुन्हा अंधूक दिसू लागले, पाय लटपटले, आणि सासूबाई म्हणाल्या, ‘तू आता काही करू नकोस गं, नुसती पडून राहा.’ हा सल्ला मायेचा होता. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे वैद्यकशास्त्रही हेच सांगत असे. तो सल्ला चुकीचा का ठरला, आणि तरीही त्या दुपारी तिला जे झाले ते खरे कसे, हे समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को या वैद्याने १८६८ मध्ये या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. मृत रोग्यांच्या मेंदूत व पृष्ठरज्जूत त्याला ठिकठिकाणी कठीण चकते आढळले. नाव त्यावरून पडले. ‘बहुविध काठिण्य’ असा त्याचा शब्दशः पर्याय मराठीत करता येईल. परंतु तो ऐकणाऱ्यास सांधे अथवा स्नायू कठीण होत असावेत असा भ्रम होतो. भाषांतरकाराने अशा वेळी शब्दाचा मोह सोडावा हे बरे. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते तेच नाव येथे ठेवले आहे.

आता या रोगात घडते काय ते पाहू. मेंदूतून निघणारी आज्ञा मज्जातंतूंमधून विद्युत् आवेगाच्या रूपाने धावते. बहुतेक महत्त्वाच्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. ते सलग नसून त्यात थोड्याथोड्या अंतरावर फटी असतात, आणि आवेग एका फटीतून पुढच्या फटीत जणू उड्या मारीत जातो. त्यामुळे जाड वेष्टित तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पोहोचतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एखादा मीटरच असतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पेशीच या वेष्टनावर हल्ला करतात. हल्ला ओसरल्यावर वेष्टन काही अंशी पुन्हा तयार होते, परंतु पूर्वीसारखे नाही. आणि काही तंतू कायमचे नष्ट होतात. हल्ला दृष्टीच्या तंतूंवर झाला तर डोळ्यास, पृष्ठरज्जूवर झाला तर पायास अथवा मूत्राशयास त्रास होतो. रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो.

निरोगी तंतूत आवेग पुढील फटीपर्यंत पोहोचतो तेव्हा तेथे आवश्यक असलेल्या विद्युत्‌भाराच्या कित्येक पट भार त्याच्याजवळ असतो. ही शिल्लक मोठी असल्याने निरोगी माणसाला उन्हाळ्यात घाम येतो, पण दिसेनासे होत नाही. वेष्टन झिजलेल्या तंतूत भार वाटेतच गळतो आणि पुढे जेमतेम पुरेल एवढाच उरतो. फटींमधील ज्या सूक्ष्म द्वारांतून सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत येतात, ती द्वारे उष्णता वाढली की लवकर मिटतात, आणि आत येणारा भार आणखी घटतो. जेमतेम पुरणारे मग पुरत नाही. आवेग तेथेच थांबतो. शरीराचे तपमान अवघे अर्धा अंश सेल्सिअस चढले तरी काही रोग्यांत असे होऊ शकते.

१८९० मध्ये ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने आपल्या शंभर रोग्यांपैकी चौघांत श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंद झाल्याचे नोंदविले. त्याला कारण श्रमच वाटले. खरे कारण श्रमाने वाढलेली उष्णता आहे हे पुढे अनेक वर्षांनी ध्यानात आले. मग रोग्याला ऊन पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात की काय हे पाहण्याची परीक्षाही प्रचारात आली, आणि मेंदूची चुंबकीय छायाचित्रे मिळू लागेपर्यंत ती टिकून होती. परंतु श्रमाविषयीची भीती मात्र रुजली ती रुजलीच. श्रम केले की रोगी बिघडतो, तर त्याने श्रम करू नयेत, हे अनुमान वरवर सरळ दिसते. त्यातील चूक अशी की आवेग तात्पुरता अडणे निराळे आणि वेष्टनाची नवी हानी होणे निराळे. शरीर थंड झाले की अडलेला आवेग पुन्हा वाहू लागतो. त्या शिक्षिकेची दृष्टी पंख्याखाली अर्धा तास बसल्यावर पूर्ववत झाली असेल, तर त्या दुपारी तिच्या मेंदूत नवीन काही नासले नव्हते.

नासते ते निराळ्याच वाटेने. पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू काही आठवड्यांत क्षीण होतात, हृदय व फुफ्फुसे यांची क्षमता उतरते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग पूर्वी सहज होणारे काम दमवू लागते. दमल्यामुळे रोगी आणखी कमी हालचाल करतो. पाय उचलत नाही तो रोगामुळे की निष्क्रियतेमुळे, हे काही वर्षांनी रोग्याला सांगता येत नाही आणि कित्येकदा डॉक्टरांनाही नाही. दोष सगळा रोगाच्या खात्यावर जमा होतो.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९९६ मध्ये. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात पेटाजन व त्यांचे सहकारी यांनी ५४ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस मिनिटे हातापायांनी फिरवावयाच्या यंत्रावर व्यायाम केला. दुसऱ्याने केला नाही. पहिल्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, स्नायूंचे बळ सुधारले आणि मनाची खिन्नता कमी झाली. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातही व्यायाम करणाऱ्यांत रोगाचे झटके अधिक येतात असे आढळले नाही. व्यायामाने रोग बरा होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. औषधांची जागा तो घेत नाही. २०२० मध्ये तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम अथवा अन्य शारीरिक हालचाल हे उद्दिष्ट सांगितले आहे, तेही प्रत्येकाच्या शक्तीनुसार हळूहळू गाठावयाचे. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यासाठीसुद्धा त्यांत श्वसनाचे व हाताचे व्यायाम आहेत.

हा रोग थंड देशांतील गोऱ्या लोकांचा, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी करून १९९० मध्ये दाखविले की त्या समाजात लाखामागे वीसहून अधिक रोगी आहेत. मुंबईतच १९८५ मध्ये रेहमत फजलभॉय यांनी, ज्या स्वतः या रोगाने ग्रस्त होत्या, रोग्यांसाठी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली. अमेरिकेतही हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषी देशांतून आलेल्या लोकांकडे संशोधकांचे लक्ष उशिरा गेले. दक्षिण कॅलिफोर्नियातील २०१३ च्या एका अभ्यासात दरवर्षी लाखामागे नवे रोगी कृष्णवर्णीयांत १०.२, गोऱ्यांत ६.९, हिस्पॅनिकांत २.९ आणि आशियाई वंशाच्या लोकांत १.४ आढळले. प्रमाण कमी म्हणून कोणी डॉक्टर त्यांच्याविषयी निश्चिंत राहील तर ते योग्य नव्हे. निदान उशिरा होणे हा कमी प्रमाणाचाच एक तोटा आहे.

अशा समाजांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या रोग्यांच्या हालचालीचे मापन करण्यासाठी पुष्कळदा वापरली जाणारी गोडिन यांची प्रश्नावली फावल्या वेळातील व्यायामाविषयी विचारते. ज्या स्त्रीला फावला वेळच नाही तिने काय उत्तर द्यावे? केर काढणे, जिने चढणे, बादल्या उचलणे, कणीक तिंबणे हे सर्व त्या कागदावर शून्य ठरते. लॉस एंजेलिसच्या स्पॅनिशभाषी गृहिणीला जे लागू, ते तात्यापाऱ्यातील मराठी गृहिणीलाही लागू आहे. म्हणून ‘तुम्ही व्यायाम करता का?’ यापेक्षा ‘सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता, आणि कोणत्या वेळी?’ हा प्रश्न अधिक उपयोगी.

वेळेचे महत्त्व रायपूरसारख्या ठिकाणी विशेष आहे. मे महिन्यात तेथे पारा ४२ अंशांपलीकडे सहज जातो. दुपारी पेटत्या शेगडीपुढे उभे राहून पोळ्या करणे ही हालचालच आहे, परंतु शरीर तापविणारी आणि बळ फारसे न वाढविणारी. तीच शक्ती सूर्योदयापूर्वी बूढा तलावाच्या काठी वीस मिनिटे चालण्यात घातली तर लाभ निराळा. पोळ्यांचे काम सकाळी उरकावे किंवा घरातील दुसऱ्या कोणी करावे. यात लाजण्यासारखे काही नाही, मुलग्यांनाही पोळ्या येतात. तात्यापाऱ्याच्या रस्त्यांवर दिवसा वाहनांची इतकी दाटी असते की तोल न सावरणाऱ्या माणसाने पहाटेचीच वेळ धरावी. चालण्यापूर्वी थंड पाणी पिणे, मानेवर ओला पंचा ठेवणे, पायांवर थंड पाणी घेणे यांनी शरीर तापण्यास विलंब लागतो. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम काम देतो, कारण पाण्याची वाफ वेगाने होते. जुलैच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, घामही वाळत नाही, आणि तपमान कमी असूनही रोग्याला अधिक त्रास होतो. त्या दिवसांत पंख्याखाली खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे असे बळ वाढविणारे प्रकार करावेत. ते आठवड्यातून दोनदा, मध्ये विश्रांती घेत, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केले तरी चालतात. तोल फार जात असेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली झाली पाहिजे.

शेवटी एक खूण रोग्याने व घरच्यांनी पाठ करून ठेवावी. उष्णतेने किंवा श्रमाने आलेले अंधूकपण, जडपणा अथवा मुंग्या शरीर थंड झाल्यावर बहुधा तासाभरात ओसरतात. त्यासाठी व्यायाम सोडण्याचे कारण नाही, वेळ व वेग बदलावा. लक्षण नवीन असेल, ताप किंवा मूत्रमार्गाचा दाह नसतानाही ते चोवीस तासांहून अधिक टिकले असेल, तर तो रोगाचा झटका असण्याचा संभव असतो. तेव्हा कूलरपुढे बसून वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. रायपुरात २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात या रोगाचा स्पष्ट उल्लेख असल्याने विहित प्रमाणात अपंगत्व आलेल्या रोग्यास प्रमाणपत्र मिळू शकते, आणि शाळेत वरच्या मजल्याऐवजी तळमजल्यावरील वर्ग मागताना त्या शिक्षिकेला ते दाखविता येईल.