भूकंप थांबला, मनातला हादरा का थांबत नाही?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. बिदर, कलबुर्गीतही धक्का जाणवला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडीकेश्वरला धक्के बसले, तेव्हा लोकांनी घरं सोडून बाहेर रात्री काढल्या.

जीवावरच्या प्रसंगात मेंदू आवाज, वास, वेळ यांचीही भीतीशी गाठ बांधतो. मग वर्षांनंतरही जड ट्रक गेला, पत्रा वाजला की छाती धडधडते. हे नाटक नाही, भित्रेपणा तर नाहीच.

तोच प्रसंग पुन:पुन्हा डोळ्यांपुढे येणं, झोपमोड, सतत दचकणं, ती जागा टाळणं हे महिनाभराहून जास्त चाललं आणि कामधंदा अडू लागला, तर उपचार घ्यावेत. काहींना त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो. ‘झालं गेलं विसरा’ म्हणून तो जात नाही; समुपदेशनानं, गरजेप्रमाणे औषधानं कमी होतो.

सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, पण बोला.