डीएसीमधील फेरफार आणि हेडफोनवरील ध्वनितुलना

अंकीय स्वरूपात साठवलेल्या ध्वनीचे विद्युतदाबाच्या सलग चढउतारांत रूपांतर करणाऱ्या उपकरणास अंकीय-अनुरूप रूपांतरक म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास व्यवहारात डीएसी किंवा ‘डॅक’ असे संबोधले जाते. उत्पादकाने तयार केलेल्या अशा उपकरणाचा वीजपुरवठा, धारित्रे, ऑप-ॲम्प, गाळणी किंवा बहिर्गत टप्पा नंतर बदलला असता त्यास फेरफार केलेला डीएसी म्हणतात. असे बदल हौशी तंत्रज्ञ स्वतः करतात, तसेच काही लहान व्यावसायिक मोबदला घेऊन करून देतात. बदलामुळे हेडफोनवर ऐकू येणारा ध्वनी सुधारतो, असा दावा सामान्यतः केला जातो. काही फेरफारांमुळे ध्वनीत मोजता येणारा व ऐकू येणारा फरक पडतो, काहींमुळे केवळ मोजता येणारा फरक पडतो, तर काहींमुळे ध्वनी बिघडतो. त्यामुळे फेरफार हा शब्द ‘सुधारणा’ या शब्दाचा समानार्थी ठरत नाही.

कार्यतत्त्व

सीडीवर प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदास ४४,१०० नमुने नोंदलेले असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा असतो. नायक्विस्ट-शॅनन प्रमेयानुसार नमुनादराच्या निम्म्याहून कमी वारंवारता असलेला संकेत नमुन्यांवरून पुन्हा घडवता येतो. सीडीसाठी ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ इतकी येते. मानवी श्रवणाची वरची मर्यादा तरुणपणी सुमारे २०,००० हर्ट्झ असते व वयानुसार ती खाली येते. १६ बिटांच्या नमुन्यांतून मिळणारी सैद्धांतिक गतिव्याप्ती सुमारे ९८ डेसिबेल आहे.

अंकीय ध्वनीची लहर पायऱ्यांसारखी तुटक असते, हा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. रूपांतरक चिपच्या आत तशी अवस्था असू शकते. परंतु त्यापुढील गाळणी श्रवणमर्यादेवरील घटक काढून टाकते आणि बाहेर येणारी लहर सलग असते. या गाळणीचे काम जितके अपुरे, तितक्या पायऱ्यांच्या खुणा संकेतात शिल्लक राहतात.

डीएसीचे ढोबळमानाने सहा भाग असतात : अंकीय संकेत स्वीकारणारा भाग, कालमापक, रूपांतरक चिप, विद्युतप्रवाहाचे विद्युतदाबात रूपांतर करणारा टप्पा, गाळणी व बहिर्गत टप्पा. या सर्वांना वीजपुरवठा सामाईक असतो. ज्या चिपमधून थेट विद्युतदाब मिळतो, तिला चौथ्या भागाची गरज नसते.

रूपांतरक चिपचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या, बहुबिट प्रकारात प्रत्येक बिटास ठरावीक भार दिलेला असतो. रोधकांच्या शिडीवर आधारलेले परिपथ याच प्रकारात मोडतात. १६ बिटांच्या चिपमध्ये सर्वांत वरच्या बिटाचा भार ३२,७६८ पायऱ्यांचा असतो. त्यात केवळ ०.१ टक्क्याची चूक राहिली तरी ती सुमारे ३३ पायऱ्यांइतकी भरते. म्हणून या प्रकारात घटकांच्या अचूकतेला फार महत्त्व असते. दुसऱ्या, डेल्टा-सिग्मा प्रकारात कमी बिटांची परंतु अतिशय वेगवान मालिका वापरली जाते आणि निर्माण होणारा गोंगाट श्रवणमर्यादेच्या वर ढकलला जातो. आजची बहुतेक उपकरणे या दुसऱ्या प्रकारची आहेत.

इतिहास

सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. सोनीचा सीडीपी-१०१ हा वादक त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये विक्रीस आला. फिलिप्सच्या आरंभीच्या वादकांत टीडीए१५४० ही १४ बिटांची चिप वापरली होती. तिच्या जोडीला नमुनादर चौपट करणारी अंकीय गाळणी देऊन १६ बिटांच्या तोडीचे काम साधण्यात आले होते. त्यानंतर आलेली टीडीए१५४१ ही १६ बिटांची चिप व तिची स्वस्त आवृत्ती टीडीए१५४३ या दोन्ही फेरफार करणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या ठरल्या.

१९९० च्या दशकात उत्पादकांनीही या आवडीची दखल घेतली. मरँट्झ कंपनीने सीडी-६३ या वादकाची केन इशिवाता यांच्या नावाने ‘केआय सिग्नेचर’ ही विशेष आवृत्ती काढली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये र्योहेई कुसुनोकी यांनी नमुनादर न वाढवणाऱ्या व अंकीय गाळणी नसलेल्या डीएसीची कल्पना मांडली. या कल्पनेवरून पुढे असंख्य घरगुती परिपथ तयार झाले.

संगणक व यूएसबी जोडणीच्या प्रसारानंतर डीएसी हे हेडफोन ऐकणाऱ्यांचे स्वतंत्र उपकरण बनले. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले. पुढे इतर अनेक मोबाइल फोनांतूनही ते गेल्यामुळे बोटभर लांबीचे डीएसी सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आले.

फेरफारांचे प्रकार व त्यांचे परिणाम

वीजपुरवठा : भारतात घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर वीजपुरवठ्यात १०० हर्ट्झची लहर उरते. नियामक ती बहुतांशी दाबून टाकतो. मूळ उपकरणात ही लहर किंवा संगणकाच्या यूएसबी जोडणीतून येणारा गोंगाट हेडफोनपर्यंत पोहोचत असेल, तर वीजपुरवठा बदलल्याने गुणगुण कमी होते व हा फरक कोणालाही जाणवतो. मुळात गुणगुण ऐकूच येत नसेल, तर या बदलाचा लाभ बहुधा मोजमापापुरता राहतो.

ऑप-ॲम्प : अनेक उपकरणांत हे घटक खाचेत बसवलेले असल्याने डाग न देता बदलता येतात. एनई५५३२ हा जुना व सर्वत्र आढळणारा घटक असून त्याच्या जागी ओपीए२१३४, एलएम४५६२ यांसारखे घटक बसवले जातात. सुयोग्य परिपथात या तिन्हींचे विरूपण श्रवणक्षमतेच्या पुष्कळ खाली असते. उलट, वेगवान घटक त्यासाठी न आखलेल्या परिपथात बसवल्यास तो श्रवणमर्यादेवरील वारंवारतेने आंदोलित होऊ शकतो. अशा वेळी घटक तापतो आणि ध्वनीत कर्कशपणा येऊ शकतो. हा कर्कशपणा काही वेळा ‘अधिक तपशील’ म्हणून स्वीकारला जातो.

धारित्रे : बहिर्गत मार्गातील धारित्र एकदिश विद्युतदाब अडवते, परंतु पुढील भाराबरोबर मिळून ते खालच्या वारंवारताही कमी करते. ही मर्यादा धारित्राचे मूल्य व भाराचा रोध या दोहोंवर अवलंबून असते. ४७ मायक्रोफॅरडचे धारित्र १०,००० ओहमच्या ॲम्प्लिफायरला जोडले असता मर्यादा ०.३४ हर्ट्झवर येते, म्हणजे ते ध्वनीच्या वाटेत येत नाही. तेच धारित्र थेट ३२ ओहमच्या हेडफोनला जोडले असता मर्यादा सुमारे १०६ हर्ट्झवर जाते व तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा स्पष्टपणे क्षीण होतो. ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र वापरल्यास ती १०.६ हर्ट्झवर उतरते. येथे परिणाम मूल्यामुळे घडतो. महागड्या नाममुद्रेमुळे नव्हे.

गाळणी : अंकीय गाळणी काढून टाकलेल्या डीएसीत वरच्या वारंवारता हळूहळू घटतात. सीडीच्या नमुनादरावर १०,००० हर्ट्झला ही घट सुमारे ०.७५ डेसिबेल, तर २०,००० हर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबेल असते. अशा उपकरणांच्या ध्वनीचे वर्णन ‘मऊ’ किंवा ‘उबदार’ असे केले जाते, त्यामागे ही घट हे एक सरळ कारण आहे. त्याचबरोबर श्रवणमर्यादेच्या वर मूळ स्वरांच्या प्रतिमा शिल्लक राहतात. उदाहरणार्थ, २०,००० हर्ट्झच्या स्वराची प्रतिमा २४,१०० हर्ट्झवर उमटते. पुढील ॲम्प्लिफायर तितका सरळ वागणारा नसल्यास या प्रतिमांमुळे ऐकू येणारे विरूपण निर्माण होऊ शकते.

बहिर्गत टप्पा : ऑप-ॲम्पच्या जागी निर्वात नलिका किंवा रोहित्र बसवले जाते. नलिकेमुळे प्रामुख्याने दुप्पट वारंवारतेचे विरूपण वाढते. रोहित्राचा गाभा खालच्या वारंवारतांना संपृक्त होऊ शकतो. दोन्हींची छटा काही श्रोत्यांना प्रिय असते. मात्र ती मूळ ध्वनिमुद्रणातील नसून उपकरणाने घातलेली भर असते.

कालमापक : नमुन्यांच्या वेळेतील सूक्ष्म अस्थिरतेस ‘जिटर’ म्हणतात. ती कमी करण्यासाठी अधिक स्थिर कालमापक बसवले जातात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशिहारा व सहकाऱ्यांच्या जपानी अभ्यासात संगीत ऐकताना यादृच्छिक जिटर ओळखता येण्यासाठी त्याचे प्रमाण काहीशे नॅनोसेकंद असावे लागले. आजच्या सामान्य डीएसीमधील जिटर याच्या पुष्कळ खाली असते.

हेडफोनमुळे पडणारा फरक

हेडफोनवर ऐकताना खोलीतील परावर्तने मध्ये येत नाहीत, त्यामुळे हळू आवाजातील गुणगुण व सुसकारा लवकर लक्षात येतो. मात्र हेडफोन कानावर थोडा सरकला तरी खालच्या व वरच्या वारंवारतांचे प्रमाण बदलते. दोन डीएसींमधील फरकापेक्षा हा बदल मोठा असू शकतो. म्हणून तुलना चालू असताना हेडफोन काढू नये, असा संकेत आहे.

बहिर्गत संरोध हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. हेडफोनचा संरोध वारंवारतेनुसार बदलतो. समजा, एका हेडफोनचा संरोध मध्यम स्वरांना ३०० ओहम व १०० हर्ट्झजवळ ५०० ओहम आहे. त्यास १२० ओहम संरोध असलेल्या बहिर्गत टप्प्याला जोडल्यास खालचे स्वर मध्यम स्वरांच्या तुलनेत सुमारे १ डेसिबेलने उचलले जातात. बहिर्गत संरोध १ ओहम असल्यास हा फरक नगण्य ठरतो. फेरफार करताना बहिर्गत मार्गात रोधक घातला किंवा काढला गेला असल्यास ‘बास वाढला’ हा अनुभव खरा असतो; त्याचे श्रेय मात्र अनेकदा त्याच वेळी बदललेल्या चिपला दिले जाते.

तुलनेची पद्धत

बहुतेक घरगुती तुलनांत एकच उपकरण आधी ऐकले जाते, मग काही तास खर्चून त्यात बदल केला जातो व ते पुन्हा ऐकले जाते. ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती अल्पजीवी असल्याने या पद्धतीने काढलेला निष्कर्ष विश्वसनीय नसतो. एकाच बनावटीची दोन उपकरणे घेऊन एकात बदल करणे व दुसरे मूळ अवस्थेत ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

दोन्ही उपकरणांची पातळी समान करणे ही पहिली अट होय. थोडा मोठा आवाज मोठा म्हणून न जाणवता ‘अधिक चांगला’ म्हणून जाणवतो. १,००० हर्ट्झचा स्वर वाजवून बहिर्गत विद्युतदाब व्होल्टमापकाने मोजतात आणि फरक ०.१ डेसिबेलच्या आत आणतात. २ व्होल्टच्या संकेतात हा फरक सुमारे २३ मिलिव्होल्ट इतकाच असतो. प्रवाहाचे दाबात रूपांतर करणारा रोधक बदलल्याने पातळी सहज बदलते; म्हणून फेरफारानंतर ही मोजणी नव्याने करावी लागते.

दुसरी अट आंधळ्या चाचणीची. कोणते उपकरण वाजत आहे हे श्रोत्यास ठाऊक नसावे. एबीएक्स या पद्धतीत अ व ब हे दोन ज्ञात पर्याय असतात आणि क्ष हा त्यांपैकीच एक, यादृच्छिकपणे निवडलेला असतो. क्ष कोणता, हे श्रोत्याने ओळखायचे असते. मन्सन व गार्डनर यांनी या नावाची पद्धत १९५० मध्ये वर्णिली, तर डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ध्वनिउपकरणांसाठी दुहेरी आंधळ्या तुलनायंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. त्याहून कमी उत्तरे बरोबर आल्यास फरक सिद्ध झाला नाही, एवढेच म्हणता येते. फरक अस्तित्वातच नाही, असे त्यावरून ठरत नाही.

ध्वनिमुद्रणाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. तानपुऱ्याचा सलग व गुणित वारंवारतांनी समृद्ध नाद वारंवार अदलाबदल करून ऐकण्यास सोयीचा असतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणांत वरच्या वारंवारता मुळातच तोकड्या असतात, त्यामुळे गाळण्यांची तुलना करण्यास ती उपयोगी पडत नाहीत.

संशोधन

फेरफारांपेक्षा नमुनादर व बिटसंख्या यांविषयी अधिक अभ्यास झाले आहेत. मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च दर्जाच्या मुद्रणाच्या मार्गात सीडीच्या दर्जाची साखळी घालून श्रोत्यांना फरक ओळखण्यास सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६, म्हणजे ४९.८ टक्के उत्तरे बरोबर आली. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते लक्षणीयरीत्या अधिक होते. त्यामुळे अशा सूक्ष्म फरकांबाबत ‘कोणालाच काही ऐकू येत नाही’ आणि ‘सर्वांना स्पष्ट ऐकू येते’ ही दोन्ही टोकाची विधाने टिकत नाहीत.

मतभेद

फेरफारांचे समर्थक दीर्घकालीन श्रवणास अधिक महत्त्व देतात. अल्पकालीन चाचणीच्या दडपणाखाली बारकावे निसटतात, असे त्यांचे म्हणणे असते. टीकाकारांच्या मते किंमत, अपेक्षा व स्वतः केलेले श्रम यांमुळे श्रोत्याचा निर्णय झुकतो. नवा घटक काही तास वाजवल्यावर ‘मोकळा होतो’ असे सांगितले जाते. त्यात घटकाच्या बदलापेक्षा श्रोत्याच्या सवयीचा वाटा मोठा असू शकतो. हेडफोन बदलल्याने पडणारा फरक दोन निर्दोष डीएसींमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे मर्यादित खर्चात आधी हेडफोनचा विचार करावा, याबाबत दोन्ही बाजूंत बऱ्यापैकी एकमत आढळते.

सुरक्षितता

२३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालणारे उपकरण उघडणे धोकादायक आहे. वीज बंद केल्यावरही मोठ्या धारित्रांत भार शिल्लक राहू शकतो आणि नलिकांच्या परिपथात शेकडो व्होल्टचा दाब असू शकतो. बहिर्गत धारित्र काढून टाकल्यास एकदिश विद्युतदाब हेडफोनपर्यंत पोहोचून त्याचे नाजूक वेटोळे जळू शकते. म्हणून फेरफारानंतर हेडफोन जोडण्यापूर्वी दोन्ही वाहिन्यांवरील एकदिश दाब मोजणे आवश्यक असते. उपकरण उघडल्यास उत्पादकाची हमी सहसा संपुष्टात येते.

बारकावे शोधण्याच्या ओघात आवाजाची पातळी नकळत वाढत जाते, हा धोका श्रोत्याच्या कानांना असतो. प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीवर आठवड्यास ४० तासांपर्यंतचे श्रवण ही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्म्यावर येतो.