लसीकरण : पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत

लसीकरण हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर आईच्या कडेवर रडणारे तान्हे मूल उभे राहते. मूल शाळेत जाऊ लागले, की लसीकरणाचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते आणि घरातील मोठ्या माणसांना तर लस हा आपला विषयच वाटत नाही. हा समज किती धोक्याचा आहे, हे धनुर्वात या एका रोगावरून ध्यानात येते.

धनुर्वाताचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात असतात. स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून ते वर्षानुवर्षे टिकून राहतात. लोक गंजलेल्या खिळ्याला दोष देतात; खरा दोष गंजाचा नसून खिळ्याला लागलेल्या मातीचा असतो. जखमेतून शिरलेले हे जंतू शरीरात विष तयार करतात. त्यामुळे जबडा आवळला जातो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे गोवराच्या बाबतीत शेजाऱ्यांनी लस घेतली असता आपल्यालाही जो थोडा आडोसा मिळतो, तो येथे मिळत नाही. इतकेच नव्हे, तर धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. कारण प्राण घेण्यास पुरेशी असणारी विषाची मात्रा प्रतिकारशक्ती निर्माण करण्यास मात्र अपुरी पडते.

पूर्वी बाळंतपण घरीच होई. नाळ विळ्याने कापीत व तिच्यावर राख किंवा शेण लावीत. मग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच एखादे बाळ दूध ओढेनासे होई, आखडे आणि दगावे. पाचवी-सहावीला सटवाईपुढे हात जोडणाऱ्या बायकांची भीती निराधार नव्हती. कारण तेवढे ठाऊक नव्हते. गरोदरपणी आईने लस घेतली, तर तिच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. ही लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे 2015 साली मान्य करण्यात आले. अर्थात, येथे निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. माती तीच आहे, जंतूही तेथेच आहेत.

आईकडून मिळालेले हे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. म्हणून सरकारी वेळापत्रकानुसार बाळाला 6, 10 व 14 आठवड्यांनी लस देतात. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि 5 ते 6 वर्षे वयात पूरक मात्रा असते. 10 व्या व 16 व्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची एकत्रित लस मिळते. शाळा सुटलेल्या मुलामुलींची हीच मात्रा बहुधा राहून जाते. ती आरोग्य केंद्रात मागून घ्यावी.

त्यापुढेही दर 10 वर्षांनी एक मात्रा घ्यावी, असे डॉक्टर सुचवितात. शेतकरी, गवंडी, गुराखी यांना तिची गरज अधिक. वृद्धांनी फ्लू व न्यूमोनियावरील लशींविषयीही डॉक्टरांना विचारावे.

जखम झाल्यावर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "याआधी लस कधी घेतली होती?" उत्तर देता आले नाही आणि जखम मातीने माखलेली असली, तर लशीबरोबर तयार संरक्षक द्रव्यांचेही इंजेक्शन द्यावे लागते. त्याचा परिणाम थोडेच आठवडे टिकतो. त्यामुळे लशीच्या उरलेल्या मात्रा ठरलेल्या तारखांना घ्याव्याच लागतात.