विदूषक कुणाच्या बाजूचा?

जातीचा विषय चारचौघांत निघाला की बोलणं खुंटतं. कुणी चिडतं, कुणी उठून जातं. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं, तेव्हा यावर त्यांना एक वाट सापडली: विदूषक. ग्रहांची भीती घालून जोशी गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला नाडतो, आणि विदूषक मध्येच तोंड घालून त्याचं बिंग फोडत राहतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा सोबती. फुल्यांचा कुणब्याची बाजू घेतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं.

नाटक अडलं, विचार मात्र गावोगाव गेला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे उभे राहिले. तमाशाची गण, गवळण, बतावणी, वग ही मांडणी गावाला पाठच होती. जलशांनी तीच उचलली, आशय बदलला.

खरी उलथापालथ आंबेडकरी जलशांनी केली. तमाशातले कितीतरी कलावंत महार, मांग, कोल्हाटी. रात्री गाव त्यांच्या सोंगाड्यावर पोट धरून हसायचं आणि दिवसा त्यांना पाणवठ्यापासून लांब ठेवायचं. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारखे जलसाकार उभे राहिले, तेव्हा याच माणसांनी विटाळालाच हसण्याचा विषय केलं. ज्याने सोसलं त्याच्याच हाती विनोद आला, म्हणून तो लागू पडला.

पुढे अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्यातून कामगार मुंबईला हसवत जागं केलं.

अलीकडचं ठसठशीत उदाहरण २०१२ सालचं, ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. संभाजी भगत यांची कल्पना, राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन आणि जालन्याकडचे शेतकरी कलाकार. शिवरायांना न्यायला आलेल्या यमाची फजिती बघताना प्रेक्षक खळखळून हसतात. त्याच ओघात, शिवाजी नेमका कुणाचा, हा एरवी हातघाईवर नेणारा प्रश्न शाहिरांच्या सवाल-जबाबात उघडपणे लढवला जातो.

सावळा रंग, तोतरेपणा, पुरुषाचं बायकी चालणं यांवर हशे वसूल करणारी प्रहसनं या परंपरेतली नव्हेत. ती दुबळ्याला गप्प करतात.

‘तृतीय रत्न’ आता फुल्यांच्या समग्र वाङ्मयात सहज मिळतं. यंदाच्या स्नेहसंमेलनात ते बसवा, आणि विदूषकाचं काम वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला द्या.